व्हेरी एक्झॉस्टेड

इंग्रजीत 'व्हेरी एक्झॉस्टेड' असे म्हणता येत नाही, ही गोष्ट मला गेल्या मंगळवारी सोफियातील एका शिकवणी वर्गात, बल्गेरियन भाषेतून आणि सत्तरी ओलांडलेल्या एका आजींच्या देखत सांगण्यात आली. 'एक्झॉस्टेड' म्हणजे मुळातच पार थकलेला, आणि जो पार थकला त्याला आणखी 'फार' कसे थकवणार, असा शिकवणाऱ्या बाईंचा मुद्दा होता. अशा टोकाच्या विशेषणांआधी 'अ‍ॅब्सोल्यूटली' किंवा 'अटर्ली' लावतात, असे म्हणून त्यांनी माझ्या उत्तरावर लाल रेघ ओढली. ज्यांनी संध्याकाळी सहानंतर दादरहून कल्याणची जलद लोकल कधी पकडलेली नाही, त्यांनी थकव्याला पायऱ्या नसतात असे खुशाल म्हणावे. माझे मत अजूनही असे आहे की ठाणे येईपर्यंत माणूस एक्झॉस्टेड असतो आणि डोंबिवलीला तो व्हेरी एक्झॉस्टेड होतो.

मी या वर्गात कसा आलो ते थोडक्यात सांगतो. ब्रिटिश ग्राहकांशी जे बोलतात त्या सर्वांकडे इंग्रजीचे 'सी-वन' पातळीचे प्रमाणपत्र हवे, असे फर्मान आमच्या कंपनीने काढले. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाची सहा पायऱ्यांची जी शिडी जाहीर केली, तिची ही वरून दुसरी पायरी. फी कंपनी भरते, त्यामुळे तक्रारीला तोंड नाही. मात्र पुस्तक बल्गेरियन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले आहे, शिकवणाऱ्या बाई बल्गेरियन आहेत आणि वर्गात परका असा मी एकटाच आहे.

बल्गेरियन माणूस इंग्रजी विशेषणांत हमखास कोठे अडखळतो, यावर या पुस्तकाचा सारा भर आहे. बल्गेरियनमध्ये 'सिम्पातीचेन' म्हणजे आवडण्याजोगा, लाघवी, म्हणून तिथला माणूस हसतमुख शेजाऱ्याला 'सिम्पथेटिक', म्हणजे सहानुभूती दाखवणारा, म्हणून मोकळा होतो. 'अक्तुआलेन' म्हणजे सध्याचा, त्यामुळे इंग्रजीतील 'अ‍ॅक्च्युअल' त्याला आजचा वाटतो. 'पातेतीचेन' म्हणजे भावनेने ओथंबलेला, आणि म्हणून २४ मे रोजी, म्हणजे बल्गेरियन शिक्षण, संस्कृती आणि लिपी यांच्या राष्ट्रीय सणाला, भाचीने केलेल्या भाषणाचे वर्णन आमच्या वर्गातील एका गृहस्थांनी अभिमानाने 'पॅथेटिक', म्हणजे इंग्रजीत केविलवाणे, असे केले. या चुका मी आयुष्यात कधी केलेल्या नाहीत. मला येथे आधी बल्गेरियन शब्द शिकावा लागतो, मग त्यापायी होणारी चूक शिकावी लागते आणि ती नीट अंगवळणी पडली की मग ती टाळायला शिकावे लागते. परगावच्या माणसाला आधी आपल्या गल्लीतील खड्ड्यात पाडून मग हात देऊन वर काढावे, तसा हा प्रकार आहे. त्याचे परिणाम ऑफिसातही दिसू लागले आहेत. एका पत्रात मी 'अ‍ॅक्च्युअल कॉस्ट' असे लिहिले होते, म्हणजे प्रत्यक्ष आलेला खर्च. आमच्या साहेबांनी, जे याच वर्गाचे जुने विद्यार्थी आहेत, ते खोडून 'करंट' केले आणि शेजारी प्रेमाने लिहिले, 'ही आपली नेहमीची चूक.' त्या 'आपली'मुळे सोफियात मला प्रथमच घरच्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी संतापही आला.

आता त्या आजी. बल्गेरियनमध्ये आजीला 'बाबा' म्हणतात, आणि मला वर्गात बाबाच म्हणायचे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सर्वांना बजावून ठेवले होते. कानांत मोत्याचे डूल आणि अंगावर स्वतः विणलेला जांभळा स्वेटर असलेल्या बाईंना 'बाबा, जरा खोडरबर देता का' असे विचारताना प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर माझे तीर्थरूप उभे राहतात. 'बाबा म्हणाल्या' हे वाक्य वाचकांना खटकेल, पण माझा नाइलाज आहे. बाबा रोदोपी डोंगरातील एका खेड्यातल्या. मुलगा इंग्लंडात लीड्सला स्थायिक झालेला, आणि नातू इंग्रजीखेरीज एक अक्षर बोलत नाही, म्हणून या वयात हा खटाटोप. त्यांच्या वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली त्याचा उच्चार सिरिलिक लिपीत, लाल शाईने, रेघेला चिकटवून लिहिलेला असतो. आपण गाइडच्या समासात देवनागरीत लिहायचो, अगदी तसाच. नवा शब्द ऐकला की त्या दोन्ही हात गालांवर ठेवून 'लेले!' असे उद्गारतात. हा बल्गेरियन लोकांचा आश्चर्याचा आणि हळहळीचा सार्वत्रिक उद्गार आहे. प्रथम ऐकला तेव्हा सदाशिव पेठेतून कोणी आले की काय म्हणून मी दाराकडे पाहिले होते.

मंगळवारचा खरा प्रसंग पुढे घडला. बाईंनी फळ्यावर 'मेटिक्युलस', म्हणजे बारीकसारीक गोष्टींत काटेकोर, असे लिहिले आणि बाबांचा हात वर गेला.

"गोस्पोझो," बाबा म्हणाल्या. (बाईंना येथे असेच हाक मारतात.) "हा मेटिक्युलस पुरुष आहे की बाई?"

"इंग्रजी विशेषणाला लिंग नसते, बाबा."

"मग एखादी बाई मेटिक्युलस असली तर?"

"तरी मेटिक्युलसच."

"आणि टेबल?"

"टेबल मेटिक्युलस नसते, बाबा."

"समजा असले."

"तरी तेच."

"मग दाराआडून अर्धे वाक्य कानावर आले, तर कोणाबद्दल चालले आहे हे कसे कळायचे?"

"वाक्य पूर्ण ऐकायचे."

वाक्य पूर्ण ऐकण्याची कल्पना बाबांनी हातानेच उडवून लावली आणि त्या माझ्याकडे वळल्या. "मोम्चे, तुमच्याकडे कसे असते?" मोम्चे म्हणजे पोरा. माझे कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत, पण बाबांच्या लेखी साठीच्या आतले सगळे पोरच.

मी, खोटे कशाला बोलू, जरा फुशारूनच सांगितले की आमच्या मराठीत बल्गेरियनसारखीच तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलते.

"शाबास! म्हणून दाखव."

"चांगला, चांगली, चांगले."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चांगला. ही कोण?"

"ती नव्हे, तो. पुरुष."

"शेवटी 'आ' आहे."

"हो."

"शेवटी 'आ' म्हणजे बाई. दोब्रा, चांगली. म्लादा, तरुण. हुबावा, सुंदर. साऱ्या बायका."

"आमच्याकडे 'आ' म्हणजे पुरुष. मोठा, शहाणा, म्हातारा."

बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळले. त्या नजरेत राग नव्हता, कणव होती. "बरे, आणि ती दुसरी? चांगली?"

"ती बाई."

"किती बायका?"

"एकच."

"शेवटी 'ई' म्हणजे पुष्कळ. दोब्री. चांगली माणसे, घोळका." त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले आणि साऱ्या वर्गाला निकाल ऐकवला. "तर, यांच्याकडे पुरुष म्हणजे बाई आणि एक बाई म्हणजे घोळका." मग थोडे थांबून म्हणाल्या, "यातले दुसरे मला पटते."

यानंतर वर्ग आवरणे कठीण झाले. मागच्या बाकावरील बँकेतला तरुण मराठीत स्वतःला 'देखणी' म्हणवून घेऊ लागला. त्याच्या शेजारणीला 'म्हातारा' हा शब्द इतका गोड वाटला की तिने तो आपल्या मांजरीसाठी मागून घेतला. बाईंनी विचारले, "पुढे जायचे ना?" बाबांनी मान आडवी हलवली, जो येथे होकार असतो. मी आपल्या पद्धतीने दोन्ही खांद्यांकडे थोडी थोडी कलवली, जिला जगात कोठेही निश्चित अर्थ नाही. बाई इंग्लंडात राहून आलेल्या असल्याने त्यांनी कोणता नियम लावला कोण जाणे, पण त्या खुर्चीत बसल्या आणि उरलेला तास मराठी विशेषणांनी खाल्ला.

एवढ्यावर थांबले असते तर मी हसून सोडून दिले असते. परंतु फी भरणारी कंपनी असल्यामुळे वर्गाकडून दर महिन्याला अहवाल जातो, आणि त्यात माझ्या नावापुढे 'वर्गाचे लक्ष विचलित करतात' असा शेरा आला आहे. प्रश्न बाबांनी विचारला, नाव माझे लागले. शिवाय त्या 'व्हेरी'च्या चाचणीत मी प्रत्येक रिकाम्या जागेचा स्वतंत्र विचार केला, आणि बाबांनी वरपासून खालपर्यंत सरसकट 'अ‍ॅब्सोल्यूटली' लिहिले. त्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत.

खरे म्हणजे विशेषण ताणण्याच्या बाबतीत मराठी माणसाला कोणी शिकवू नये. आपल्याकडे प्रत्येक रंगाला स्वतःचे शेपूट आहे. लाल भडक असतो, पिवळा धमक, हिरवा गार, काळा कुट्ट आणि पांढरा शुभ्र. बल्गेरियनांनाही ही कला अवगत आहे. कोऱ्या वस्तूला ते 'नोव्ह-नोवेनिचक' म्हणतात, म्हणजे नव्याहून नवी आणि वर लाडाची. इंग्रजीत मात्र कोणत्या विशेषणाला किती रेटा द्यायचा याचा दंडक ठरलेला, आणि तो शिकवायला बसलेले सारे लोक दुसऱ्याच भाषेत जन्मलेले.

'ग्रिगेरियस'च्या दिवशी तर बाबांनी बाईंनाच गप्प केले. हा शब्द लॅटिनमधील कळपावरून आला. जो कळपात रमतो तो ग्रिगेरियस, आणि त्याच कळपावरून आलेला 'इग्रीजस' म्हणजे कळपाबाहेरचा. एके काळी त्याचा अर्थ उठून दिसणारा, श्रेष्ठ असा होता, आणि आज तो डोळ्यांत खुपण्याइतका वाईट असा झाला आहे. बाबांचे बालपण मेंढरांमागे गेलेले, त्यामुळे कळप या विषयात त्यांचा शब्द अखेरचा. त्या म्हणाल्या, "कळप सोडून गेलेले मेंढरू वाईट, असे कोणी ठरवले? चारा नव्हता म्हणून गेले असेल." वर्गात कोणी हसले नाही. बल्गेरियाची लोकसंख्या १९८५ च्या जनगणनेत नव्वद लाखांच्या आसपास होती, २०२१ मध्ये ती पासष्ट लाखांवर आली. जन्मच कमी झाले हे खरे, पण प्रत्येक घरातून कोणी ना कोणी जर्मनीला किंवा इंग्लंडला गेलेले आहे, हेही खरे. बाईंनी घाईने पुढचे विशेषण घेतले.

पुढचे विशेषण घेण्याआधी मलाही एक तक्रार नोंदवू द्यावी. मेकॉलेचा खलिता १८३५ चा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, त्यालाही दीडशे वर्षे होत आली. आमचे सर्वोच्च न्यायालय इंग्रजीत निकाल देते, आमची गृहकर्जाची कागदपत्रे इंग्रजीत असतात, आणि कर्ज फिटेपर्यंत ती कोणी वाचत नाही, ती गोष्ट वेगळी. तरीही ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी इंग्रजी बोलणाऱ्या देशांची जी यादी केली आहे, तिच्यात जमैका आहे, बार्बाडोस आहे, माल्टा आहे आणि भारत नाही. बहुसंख्य भारतीय घरी इंग्रजी बोलत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी हे दूध पाजले त्यांनीच ते पोटात गेल्याचा दाखला मागावा, हे काही सभ्यपणाचे लक्षण नव्हे. आणि दाखला मिळवायला मी यावे कोठे, तर ज्या देशाच्या स्तामेन ग्रिगोरोव नावाच्या संशोधकाने १९०५ मध्ये दह्याचा जीवाणू शोधून काढला त्या देशात. येथे वाघिणीच्या दुधाचेसुद्धा दही लावून मगच वाटीत वाढतात.

परवाच्या वर्गाला बाबा अस्वस्थ होऊनच आल्या. रविवारी नातवाशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी त्याला 'मॅग्नॅनिमस', म्हणजे मोठ्या मनाचा, म्हटले, तर त्याने आईला बोलावून आजी काय म्हणते आहे ते विचारले. मग त्याने फुटबॉलचे नवे बूट कॅमेऱ्यापुढे धरून ते 'सिक' असल्याचे सांगितले. मूल आजारी आहे एवढेच बाबांना कळले आणि त्यांनी सुनेला त्याच्या छातीला राकिया चोळण्याची सूचना केली. राकिया ही येथील घरोघरची फळांची दारू, आणि तापापासून गुडघेदुखीपर्यंत सर्व विकारांवर ती बाहेरूनही लावतात. सुनेने फोन ठेवला. आता बाबांना जाणून घ्यायचे होते की चांगल्या बुटांना आजारी म्हणणे हे कितव्या पातळीच्या यादीत येते.

"कोणत्याच नाही," बाई म्हणाल्या. "ती मुलांची बोली आहे. परीक्षेला विचारत नाहीत."

"आणि मॅग्नॅनिमस?"

"ते विचारतात."

"कोण?"

"परीक्षक."

बाबांनी वही मिटली. "तो लीड्सला राहतो का?"

बाईंनी फळा पुसला आणि कोणत्या विशेषणापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते, याची दोन पानांची यादी घरच्या अभ्यासाला दिली.