पीन बसली ना?

साडेतीनशे रुपये पाण्यात गेले, तेही गोदावरीला पूर नसताना.

घरात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि जुना सतरा इंची मॉनिटर. पायचं चित्र बाहेर पडतं एचडीएमआय खोबणीतून. मॉनिटरला मागे चित्र आत घ्यायला निळं, १५ पिनांचं जुनं व्हीजीए. मागितला एचडीएमआयचं व्हीजीए करणारा अडॅप्टर. एमजी रोडवरच्या दुकानातल्या पोराने दिला व्हीजीएचं एचडीएमआय करणारा. खोक्यावर एक बाण छापायला यांचं काय जातं? लबाडी अशी की हा उलटा प्राणीही दोन्हीकडे झकास बसतो. पडद्यावर मात्र ‘नो सिग्नल’.

बदलायला गेलो तर काउंटरशी टेम्पर्ड ग्लास लावून घेणारे एक काका.

“काय झालं?”

“पायचं चित्र येत नाही.”

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. “पीन बसली ना?”

“बसली.”

“दोन्हीकडून?”

“हो.”

“मग माल चांगलाय!”

“तेच म्हणतोय सर मी,” पोरगा खूश.

मी समजावलं. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए १९८७ सालचं ॲनालॉग. मधे रूपांतर करणारी चिप लागते, आणि ती एकाच दिशेने चालते.

“म्हणजे वन वे. नाशकात पाळतं का कोणी?” काका म्हणाले. “आपल्या दुतोंड्या मारुतीला दोन तोंडं, कुठूनही हात जोडा. तुमच्या डबीचाच कसला एवढा थाट?”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल आला. ग्लासची कॅमेऱ्याची खाच चार्जिंगच्या बाजूला. काकांनी अंगठा फिरवला. “बसली ना? झालं.”

वर शंभर मोजून अडॅप्टर बदलून मिळाला. घरी पुन्हा अंधार. चिपला वीज एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनेतून मिळते. तिथे ५ व्होल्टला हमी फक्त ५५ मिलिअँपिअरची. चिप त्याहून खादाड निघाली तर चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. म्हणून बाजूला यूएसबीने वीज घेणारा अडॅप्टर मागावा. हे दुकानात सांगेल कोण, काका?

वीज दिली, तर ‘आउट ऑफ रेंज’. स्वस्त व्हीजीए वायरीत १२ आणि १५ नंबरच्या पिना कधीकधी जोडलेल्याच नसतात. मग मॉनिटर आपलं माप सांगू शकत नाही आणि पाय मनाला येईल ते माप पाठवतो. पायच्या मेमरी कार्डावरच्या बूट विभागातल्या ‘सीएमडीलाइन’ फाइलीत पहिल्या एचडीएमआयसाठी १२८० बाय १०२४, ६० हर्ट्झ असं ठोकून लिहावं लागतं. त्याच ओळीत, स्पेस देऊन. एंटर मारायचा नाही.

चित्र आलं. बोटभर डावीकडे सरकलेलं. त्यावर मॉनिटरचं ‘ऑटो’ बटण दाबतात.

आमचं आत गेलंय.