बर्मिंगहॅमचा दाखला देणाऱ्यांना

नवी मुंबईतल्या कंत्राटी सफाई कामगारांच्या ‘समान काम, समान वेतन’ या मागणीवरून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. मागणी सरळ आहे. महापालिकेचा कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार एकाच रस्त्यावर तेच काम करत असतील, तर दोघांना सारखा पगार, सारख्या रजा आणि सारखे भत्ते मिळावेत. त्यावर नेरुळच्या काकांनी लिहिलं, ‘‘असल्या मागण्या मान्य केल्या म्हणूनच तुमचं बर्मिंगहॅम बुडालं ना?’’ मी इंग्लंडमधल्या याच शहरात राहतो, इथल्या कौन्सिलचा, म्हणजे महापालिकेचा, कर भरतो. त्यामुळे काकांना दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणं मला जमलं नाही.

बर्मिंगहॅम बुडालं हे खरं आहे. 5 सप्टेंबर 2023 ला सिटी कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवायला पैसे नाहीत अशी कबुलीच दिली. कायद्याने बांधलेल्या सेवा सोडल्या तर नवा खर्च बंद. समान वेतनाची देणी 65 ते 76 कोटी पौंडांच्या घरात आहेत, असं कौन्सिलने त्याआधी जूनमध्येच सांगितलं होतं. सरकारी अनुदानातली कपात आणि फसलेली संगणक यंत्रणा हीही कारणं होती, पण सगळ्यात मोठा आकडा हाच.

ही देणी साचली कशी, ते मात्र काका सांगत नाहीत. 1997 मध्ये ब्रिटनमधल्या स्थानिक संस्था आणि कामगार संघटना यांच्यात ‘सिंगल स्टेटस’ करार झाला. तोवर कचेरीतल्यांचा आठवडा 37 तासांचा आणि अंगमेहनत करणाऱ्यांचा 39 तासांचा होता. पगाराचे तक्तेही वेगळे. करारानं सगळ्यांना 37 तास आणि एकच वेतनतक्ता दिला. प्रत्येक कामाला गुण द्यायचे ठरलं: कौशल्य किती लागतं, जबाबदारी किती, अंगावर आणि मनावर ताण किती, घाणीत आणि थंडीवाऱ्यात किती वेळ उभं राहावं लागतं. त्या गुणांवरून श्रेणी ठरवायची. संघटना, अधिकारी, सगळे एका टेबलाशी बसून.

बर्मिंगहॅमनं हे काम दहाएक वर्षं रेंगाळत ठेवलं. त्या काळात कचरा उचलणाऱ्या पुरुषांना पगारावर मोठमोठे बोनस मिळत राहिले आणि त्याच श्रेणीतल्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना नुसता मूळ पगार. बायका कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने नोकरी सोडून गेलेल्या 174 जणांनाही सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करायची वाट मोकळी केली. थकबाकी फुगत गेली. हक्क वेळेवर दिला असता तर पगारवाढीवर भागलं असतं. तो नाकारला म्हणून व्याजासकट भरावा लागला.

आणि भरपाईची वेळ आली तेव्हा कौन्सिलने कात्री लावली ती कचरा उचलणाऱ्यांच्याच एका पदाला. 11 मार्च 2025 पासून त्यांनी बेमुदत संप केला. महिनाअखेर रस्त्यांवर अंदाजे 17 हजार टन कचरा साठला, आमच्या गल्लीत काळ्या पिशव्या उंदरांनी फोडलेल्या. त्या कामगारांवर माझा राग नाही. एकाला न्याय देताना दुसऱ्याच्या ताटातलं काढलं की असंच होणार.

आता आपल्याकडे या. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. त्या क्रमांकामागे कंत्राटी कामगारांचे किती हात आहेत, हे सकाळी सहाला घणसोली किंवा तुर्भ्यात रस्त्यावर उभं राहिलं तरी कळतं. माझा मावसभाऊ ठाणे जिल्ह्यातल्याच एका महापालिकेच्या घंटागाडीवर आहे. ओल्या कचऱ्याचं पाणी गमबुटात उतरतं, म्हणून तो पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून वर बूट चढवतो. ठेकेदार बदलला की कागदावर त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू; मग ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरणार कधी? फोनवर तो मला म्हणाला, ‘‘दादा, पगाराचं नंतर बघू. आधी आजारी पडलो तर खाडा धरू नका म्हणावं.’’

विरोध करणारे सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या उमादेवी निकालाकडे बोट दाखवतात: मागच्या दारानं कुणाला कायम करता येत नाही. बरोबर. पण कायम करणं आणि समान वेतन देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानं कामगारांचं फार नुकसान झालंय. 2016 च्या जगजितसिंग निकालात सुप्रीम कोर्टाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांना समान कामाचं समान वेतन मान्य केलं. ‘हे तर ठेकेदाराचे कामगार’ असं म्हणून प्रशासन त्यातून निसटतं. पण 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत ठेकेदाराच्या परवान्याची अटच अशी होती, की मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम असेल तर वेतन, सुट्ट्या आणि कामाचे तास सारखेच हवेत. म्हणजे आज कामगार काही नवीन मागत नाहीत.

माझं खरं गाऱ्हाणं कायम कामगारांच्या संघटनांकडे आहे. सातव्या वेतन आयोगासाठी तुम्ही भांडलात, योग्यच केलंत. पण दिवाळीच्या सानुग्रह अनुदानाची बोलणी होतात तेव्हा कंत्राटी आणि ठोक मानधनावरच्या लोकांचा आकडा वेगळा का बोलला जातो? तुमच्यातला एकेक जण निवृत्त होतोय आणि त्या जागी ठेकेदाराचा माणूस येतोय. दहा वर्षांनी तुमच्या बाजूनं संप करायला उरणार कोण?

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडच्या संघटनांनी पुढची निविदा निघायच्या आत एकच मागणीपत्र द्यावं असं मला वाटतं. त्यात झाडूवाली, घंटागाडीवाला, गटारात उतरणारा आणि कचेरीतला शिपाई, प्रत्येकाच्या कामाला गुण द्यायची मागणी असावी. कुणाचाही आजचा पगार कमी होणार नाही, हे लेखी घ्यावं. ठेकेदार बदलला तरी सेवा सलग धरली जावी. आणि पहिलं कलम भरपगारी आजारी रजेचं असावं, कारण ते द्यायला ना कोर्टाचा निकाल लागतो, ना वेतन आयोग.