‘थोडा वेळ सुकू द्या’ म्हणे!

‘आणि आता हे थोडा वेळ सुकू द्या,’ असं चिमुकल्यांकडून सणाची सजावट करून घ्यायला शिकवणारी ती व्हिडिओतली बाई हसत हसत म्हणते. पुढच्याच क्षणी कागदाची चांदणी सुकलेली, भिंतीवर टांगलेली, आणि शेजारी मूल टाळ्या वाजवतंय. मधला वेळ कुठे गेला? त्या वेळात ते मूल कुठे होतं? बांधून ठेवलं होतं का? आणि दोन वर्षांच्या मुलाबरोबर गम-रंग खेळायला पांढराशुभ्र शर्ट घालून कोण बसतं?

पांढरा गम आहे तो, बाई. त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत तो सुकत नाही. पातळ थर असला तरी अर्धा-पाऊण तास जातो. आणि आमचे चिरंजीव थर देत नाहीत, बाटली उलटी धरून दोन्ही हातांनी पिळतात. त्या डबक्याला अख्खी रात्रही कमीच. पांढरा दिसतोय तोवर ओला, पारदर्शक झाला की सुकला, एवढं मला समजतं. चिरंजीवांना पांढरं दिसलं की त्यात बोट घालायचं असतं, एवढंच समजतं.

आज मी फडकं आणायला वळलो. फक्त वळलो. तेवढ्यात चांदणी खालच्या वर्तमानपत्रासकट उचलून पोटावर चिकटवून झाली होती. उघड्या पोटावर, कारण शर्ट आधीच रंगाला बळी पडला होता. सोडवायला गेलो तर एक टोक फाटलं, आणि घरात कोणी गेल्यासारखा टाहो. बरं, मी तत्परतेने दुसरी कापली. तोच कागद, तोच रंग, तेवढीच टोकं. फेकून दिली. ‘ही नाई! ती!’ मग फाटलेलं टोक मागून चिकटपट्टी लावून जोडलं. पट्टी दिसली. पुन्हा टाहो. पट्टी काढली, टोक पडलं. आता ‘ती’ सुद्धा ‘ती’ राहिली नव्हती. शेवटी रडतारडता स्वारी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. डोक्याला गम होता. तो आता माझ्या मानेवर पारदर्शक झालाय.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिने चांदणी बघितली आणि म्हणाली, ‘सगळं तूच केलेलं दिसतंय रे. त्याला करू द्यायचं ना!’ मागून बायकोचं ‘हेच मी सांगत होते.’ ही नेमकी कधी सांगत होती?

करू द्यायचं म्हणजे काय करू द्यायचं? ‘मुलाला आकार कापू द्या’ म्हणतात. अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत बहुतेक पोरांना कात्रीने साधी कचकच जमत नाही, रेघेवरून कापायला चार उजाडतात. ब्रश तर अजून मुठीत धरतो, हातोडा धरल्यासारखा. मग कापणार कोण? बाप. चिकटवणार कोण? बाप. पोरगं काय करतं? गमच्या कांडीचं झाकण लावतं आणि काढतं, लावतं आणि काढतं. त्यातच त्याचा सगळा आनंद. सण झाकणावरच भागला असता.

आणि ते ‘घरात सहज सापडणारं साहित्य’! कोणाच्या घरात सहज सापडतात हो प्लास्टिकचे हलणारे डोळे आणि रंगीत लोकरी गोंडे? पाकिटावर स्पष्ट छापलेलं असतं, ३ वर्षांखालील मुलांसाठी नाही. लहान भाग घशात अडकतील का हे तपासायची नळी सुमारे ३२ मिलिमीटर रुंद असते. तिच्यात मावेल ते धोक्याचं, आणि हे डोळे तर मूठभर मावतील. तरी व्हिडिओचं नाव ‘चिमुकल्यांसाठी’!

चमकीबद्दल तर बोलायलाच नको. तरी बोलतो. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याला ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन त्याचा भुगा करायचा, आणि तो लहान मुलाच्या हातात द्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मूल नव्हतं. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली. कारण दिलं सूक्ष्म प्लास्टिकचं. मला विचारलं असतं तर माझ्या भुवया दाखवल्या असत्या. मागच्या सणाची आहे अजून.

हाताचे ठसेही करून झालेत. तळव्याला ओला ब्रश लागला की गुदगुल्या होतात, गुदगुल्या झाल्या की मूठ मिटते. लाल, पिवळा, निळा असे तीन सुंदर रंग मुठीत गेले आणि चिखल बाहेर आला. तो कागद आम्ही फ्रिजवर लावलाय, कोणी विचारलं तर ‘झाड’ म्हणतो.

आता खरं सांगायचं तर, चिकटवायचे गोल दिले तेव्हा त्याने सगळे एकाच जागी लावले होते. एकावर एक, मनोरा. खूश होता. आणि मी, चांगला शिकलासवरलेला माणूस, अंगात चड्डीशिवाय काही नसलेल्या त्या प्राण्याला समजावत होतो की दोन्ही बाजूंना सारखे यायला हवेत, राजा, नाहीतर तोल जातो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचा गोल माझ्या चष्म्यावर लावला. तो झोपल्यावर मी मनोरा सोडवून गोल पट्टीने मोजून लावत बसलो. एक अर्धा सेंटीमीटर डावीकडे गेला म्हणून पुन्हा काढला. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आणि हे सगळं खरवडतोय तोच प्लेग्रुपचा मेसेज. शुक्रवारी प्रत्येक मुलाने घरी केलेली एक शोभेची वस्तू आणावी. मुलाने स्वतः केलेली असावी, पालकांनी मदत करू नये, आणि ‘कृपया नीटनेटकी असावी’. एकाच वाक्यात! याच माणसांनी मागच्या वेळी त्याने खरोखर स्वतः केलेला तो तपकिरी पुठ्ठा दप्तरातून न काढताच परत पाठवला होता. मी भलंमोठं उत्तर लिहिलं. मुद्देसूद, कडक. मग पुसलं आणि पाठवलं, ‘हो मॅडम, नक्की.’ वर हात जोडलेली इमोजी.