टेक्सासचा मतदार नेमका कोण?

"टेक्सासात गोरे अल्पसंख्य झाले. आता बहुसंख्य मतदार लॅटिनो, म्हणजे सत्ता त्यांचीच. उरले ज्यांना मत नाही, ते सगळे घुसखोर." अशा अर्थाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. चार विधानं, त्यातलं धड एकच.

गोरे निम्म्याहून कमी, हे खरं. जनगणना ब्युरोच्या २०२२ च्या अंदाजात लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक, ४०.२ टक्के आणि बिगर-लॅटिनो गोरे ३९.८. पण ४० टक्क्यांना बहुसंख्य कोण म्हणतं? तिथं बहुसंख्य कुणीच नाही.

खरी गफलत पुढं आहे. हे आकडे तान्ह्या बाळासकट सगळ्या रहिवाशांचे. मतदानाला वय १८ लागतं आणि नागरिकत्वही. या दोन्ही चाळण्या लावल्या की गोरे निम्म्याच्या आसपास जातात आणि लॅटिनो ३० टक्क्यांच्या आसपास येतात. हा हिशेब 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या नमुना पाहणीतून निघतो, कारण २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न नव्हताच. ट्रम्प सरकारला तो घालायचा होता, पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात अडला.

मग रहिवासी असून मतदार नसलेले हे मधले लोक घुसखोर? टेक्सासातल्या मुलांमध्ये जवळपास निम्मी लॅटिनो आहेत. त्यांचं वय बसत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा! नागरिकत्वाचं म्हणाल तर आपलीच माणसं बघा. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत एखादं मराठी जोडपं एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. दोन मुलं तिथंच जन्मलेली, शाळेत जाणारी. जनगणनेत माणसं चार, मतदार शून्य. घुसखोरही शून्य. ग्रीन कार्ड मिळालं तरी नागरिकत्वाच्या अर्जासाठी बहुतेकांना आणखी ५ वर्षं थांबावं लागतं. फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीजणांचे भाचे-पुतणे याच रांगेत असतील!

राहिली सत्ता. लॅटिनो म्हणजे एकगठ्ठा मत, हे गृहीतच कच्चं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ९५ टक्क्यांहून जास्त लॅटिनो. २०१६ मध्ये तिथं हिलरी क्लिंटन यांना सुमारे ७९ टक्के मतं पडली. २०२४ मध्ये तीच काउंटी ट्रम्प यांनी जिंकली.

शिवाय मतदारसंघ कोण आखतं, हेही आहेच. २००३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, २३ वा मतदारसंघ नव्यानं आखला आणि लरेडो शहर ज्या वेब काउंटीत आहे तिचा मोठा भाग बाहेर काढला. १८ वर्षांवरच्या रहिवाशांत लॅटिनो काठावर बहुसंख्य राहतील, एवढी काळजी घेतली होती. कागदावर सगळं ठाकठीक. पण मतदानाला पात्र नागरिकांत त्यांचं प्रमाण ५७.५ वरून ४६ टक्क्यांवर आलं. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये हाच दुसरा आकडा धरला, ही आखणी मतदान हक्क कायद्याचा भंग ठरवली आणि मतदारसंघ पुन्हा आखावा लागला.