उजवीकडे वळायचंय ना? मग आधीच उजवीकडे या!

पुण्यातला कुठलाही चौक घ्या. सिग्नल सुटला की अगदी डाव्या कडेची गाडी सगळ्यांना आडवी जात उजवीकडे घुसते. रोज! अरे, वळायचंय तर चौकाच्या आधीच आरसा बघा, इंडिकेटर द्या, रस्त्याच्या मध्याकडे सरका. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच आहे. वळता वळता इंडिकेटर लावून काय उपयोग? मागच्याला ब्रेक दाबायला वेळ नको? आणि समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्या.

त्याहून संताप येतो तो डावीकडे वळणारी बस आणि फुटपाथ यांच्या फटीत स्कूटर घालणाऱ्यांचा. वळताना बसचं मागचं चाक आत येतं, ड्रायव्हरला तुम्ही दिसतही नाही. अहो, मागे लेकरू बसलेलं असतं तुमच्या!