चिली चिकन, पण गव्हावर नको

पोटाला सोसत नाही म्हणून गहू बंद झाला म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग पोळी कशी सुटली हो तुमची?" पोळीचं काय घेऊन बसलात! खान्देशात पोळी सुटली तर ज्वारीची भाकरी आहे, बाजरीची आहे, उडीद घातलेली कळण्याची आहे, सोबत भरीत आहे. आपल्या आज्यांनी ग्लूटेनचं, म्हणजे गव्हा-जवातल्या चिकट प्रथिनाचं, नावही ऐकलं नव्हतं आणि बहुतेक दिवस त्या ग्लूटेनशिवायच जेवल्या. खरी परीक्षा सुरू होते संध्याकाळी सातनंतर. धुळं घ्या, अमळनेर घ्या, नाहीतर जळगाव घ्या. चौकात चायनीजच्या गाडीची भट्टी घरघरायला लागते, लसूण-मिरचीचा ठसका रस्त्याच्या पलीकडे पोचतो आणि भाकरीवरची सगळी निष्ठा नाकातून बाहेर पडते.

मग माणूस गाडीवाल्याला विचारतो, "दादा, चिली चिकनमध्ये मैदा आहे का?" उत्तर ठरलेलं असतं: "नई शे भाऊ, कॉर्नफ्लोर शे." या उत्तरावर माझा अजिबात राग नाही, कारण पुष्कळदा ते खरंही असतं. फक्त ते विचारलेल्या प्रश्नापुरतं खरं असतं. ज्या तेलात चिकन पडणार, त्यात मघाशीच मंचुरियनचे मैदा घातलेले गोळे आणि भेळीचे नूडल्स तळून निघालेत. ज्या कढईत ते परतणार, ती आधीच्या हक्का नूडल्सनंतर पळीभर पाणी टाकून, ब्रशनं दोनदा खरवडून "धुतलेली" आहे. झारा तोच, पळी तीच. आणि वरून जी काळी धार पडते ती सोया सॉसची. त्या बाटलीला कुणी काही विचारत नाही. तळल्यानं ग्लूटेन मरतं अशी एक गोड समजूत आहे. ग्लूटेन हे प्रथिन आहे, जंतू नव्हे. तेलातून ते तळून, कुरकुरीत होऊन, सहीसलामत बाहेर येतं.

"थोडंसं खाईसन काहीच नई व्हस भाऊ, खाई ल्या," असा आग्रह गाडीवर होतो, लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीतही होतो. त्या थोडंशाचा हिशेब एकदा करून ठेवलेला बरा. आपल्याकडे 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं असेल तर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या, नियमानं किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिन आणि त्यातलं बहुतेक ग्लूटेन, म्हणजे एक ग्रॅम मैद्यात 80 मिलिग्रॅमच्या आसपास. चिमूटभर, समजा पाव ग्रॅम, मैदा पडला की अख्ख्या किलोभर चिली चिकनचा कोटा संपला. सीलिएक, म्हणजे ग्लूटेननं आतडं दुखावणारा आजार, असलेल्याच्या आतड्याला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. (वजन कमी करायचं म्हणून ज्यांनी गहू सोडलाय त्यांनी गाडीवर खुशाल खावं. आणि ज्यांना सीलिएकची शंका आहे त्यांनी गहू सोडण्याआधी टीटीजीची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.)

तर गाडी बाद. गाडीवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो बिचारा एका भट्टीवर अख्खा चौक जेवू घालतोय. हा पदार्थ घरीच करायचा. आणि घरी करायला लागलं की कळतं, मैदा हा यातला सगळ्यात सरळमार्गी शत्रू आहे. समोर दिसतो, नाव सांगतो, बाजूला काढता येतो. बाकीचे दबा धरून बसतात.

पहिला म्हणजे सोया सॉस. 1975 साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी चिली चिकनच्याच जातकुळीतलं चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात: आलं, लसूण, हिरवी मिरची आपली नेहमीची, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. या जन्मकथेत मैद्याचं नावही निघत नाही, पण गव्हाची सोय झालेली आहे, कारण पारंपरिक सोया सॉस सोयाबीन आणि गहू जवळपास निम्मेनिम्मे घेऊन आंबवतात. आंबवताना गव्हाचं प्रथिन तुटतं हे खरं, पण पुरतं तुटलं की नाही याची खात्री नेहमीच्या तपासणीतून मिळत नाही. स्वस्तातल्या सॉसमध्ये 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' असतं. ते कोणत्या व्हेजिटेबलचं, हे लेबलानं सांगितलं तर आपलं नशीब. म्हणून बाटली उलटी करून बारीक अक्षरातलं वाचायचं. गहू किंवा जव असेल तर अॅलर्जीच्या ओळीत तसं लिहिणं बंधनकारक आहे. पर्याय तामारी. हा सोयाबीनचाच सॉस, गहू नसलेला किंवा अगदी थोडा असलेला, म्हणून इथंही 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलीच बाटली घ्यायची. ती आपल्याकडच्या किराणा दुकानात सहसा मिळत नाही, ऑनलाइन मागवावी लागते आणि किंमत पाहून पहिल्यांदा घाम फुटतो. दोन मोठे चमचे अर्धा किलो चिकनला पुरतात, एवढाच दिलासा.

तामारी येईपर्यंत काम भागवायचं असेल तर दोन मोठे चमचे काळा गूळ जाड बुडाच्या भांड्यात गडद तपकिरी होईस्तोवर जाळायचा, अर्धी वाटी गरम पाणी जपून ओतायचं (उडतं, हात मागे ठेवा), त्यात एक चहाचा चमचा मीठ, पाव चमचा अजिनोमोटो आणि उतरवल्यावर चमचाभर व्हिनेगर. रंग मिळतो, खारटगोड मिळतं, आंबवलेला वास मिळत नाही. ज्यानं खरा सोया खाल्लाय त्याला फसवता येणार नाही, मुलांना येतं. आणि अजिनोमोटो पाहून दचकू नका. चायनीज म्हटलं की सगळं खापर त्याच्यावर फुटतं, पण ते उसाच्या मळीसारख्या गोष्टीतून आंबवून काढतात, ग्लूटेनच्या गुन्ह्यात ते बिचारं निर्दोष आहे. साधं सिंथेटिक व्हिनेगरही निर्दोष. माल्ट व्हिनेगर मात्र जवाचं, त्याला दारातूनच परत पाठवायचं. ऑयस्टर सॉस, चिकन क्यूब आणि 'चिली चिकन मसाला' लिहिलेली पाकिटं यांचं लेबल वाचल्याशिवाय घरात घेऊ नये.

दुसरा शत्रू आपल्या गल्लीतच राहतो: पिठाची गिरणी. कॉर्नफ्लोरच्या जोडीला तांदळाचं पीठ लागतं आणि आपण भाबडेपणानं दोन किलो तांदूळ घेऊन गिरणीत जातो. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेला असतो, त्याचं पीठ जात्याच्या पाळीत आणि कापडी तोंडात बसलेलं असतं, ते आपल्या तांदळात उतरतं. बायका पिढ्यान्‌पिढ्या गिरणीवाल्याला बजावत आल्या आहेत, "भाऊ, गव्हावर टाकू नका, ज्वारीवर टाका." ते भाकरी नीट थापली जावी म्हणून. आपल्याला ज्वारीवर टाकूनही खात्री नाही, कारण त्या ज्वारीच्या आधी काय दळलं हे गिरणीवाल्यालाही आठवत नाही. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळत नसतील तर प्रश्न मिटला. नसेल तर बंद पाकिटातलं 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं पीठ. ज्वारीच्या पिठाचा प्रयोग आमच्याकडच्या प्रत्येकाला एकदा करावासा वाटतोच. दादर ज्वारीचं बारीक चाळलेलं पीठ चमचाभर मिसळलं तर चव छान येते. जास्त घातलं तर चिकनला भाकरी नेसवल्यासारखी दिसते.

तिसरा म्हणजे हिंग. चिली चिकनमध्ये हिंग नसतो, मग इथं का? कारण त्याच घरात, त्याच चमच्यानं फोडणी होते, आणि बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवर वाचा. अख्ख्या घराचा गहू बंद करून हिंगातून रोज थोडा थोडा खाणारे लोक आहेत.

आता चिकन. अर्धा किलो, हाड काढलेलं, मांडीचं घ्या. छातीचा तुकडा दुसऱ्यांदा तळल्यावर चोथा होतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड, चमचाभर आलं-लसूण, आणि एका अंड्याचा पांढरा भाग. या पांढऱ्या भागावर सगळी भिस्त आहे. मैदा ओला झाला की त्यातलं ग्लूटेन चिकट जाळं विणतं आणि आवरण मांसाला धरून ठेवतं. कॉर्नफ्लोरमध्ये असं काही नसतं, तो नुसता स्टार्च. तेलात गेल्यावर आवरण एकीकडे आणि चिकन दुसरीकडे. अंड्यातलं प्रथिन गरम झालं की घट्ट होतं आणि मैद्याची नोकरी करतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग चार मोठे चमचे कॉर्नफ्लोर आणि दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ. कॉर्नफ्लोर म्हणजे पांढराशुभ्र, बोटात करकरणारा; मक्याचं पिवळं पीठ वेगळं, ते घातलंत तर मक्याची भजी होतील. तांदळाच्या पिठानं कुरकुरीतपणा टिकतो, पण चार चमचे घातलं की दगड. पाणी लागलंच तर चमचा-दीड चमचा. पीठ पातळ झालं की कॉर्नफ्लोर तळाशी जाऊन सिमेंट होतो, म्हणून प्रत्येक घाण्याआधी हातानं खालपासून ढवळायचं.

तेल नवं. कालच्या पुऱ्यांचं गाळून ठेवलेलं तेल नको, ते कितीही स्वच्छ दिसलं तरी नको. पीठाचा थेंब टाकला की खाली जाऊन लगेच वर यावा, साधारण 170 अंश. तीन घाण्यांत, प्रत्येकी चार मिनिटं. एकदम सगळं टाकलं तर तेल थंड पडतं, आवरण तेल पितं आणि तुकडे एकमेकांना मिठ्या मारतात. काढून पाच मिनिटं जाळीवर ठेवायचं, तोवर आतली वाफ बाहेर येते. मग तेल आणखी तापवून एकच मिनिट दुसऱ्यांदा तळायचं. हा दुसरा डाव आळसानं टाळलात तर ग्रेव्हीत पडताच सगळं लिबलिबीत होणार. मैद्याच्या आवरणात थोडा आळस खपून जातो, इथं नाही.

घरच्या गॅसला गाडीच्या भट्टीची आग नसते, त्यामुळे कढई धूर निघेपर्यंत तापवायची आणि भाज्या थोड्या घ्यायच्या: दोन कांदे, एक ढोबळी मिरची, चौकोनी फोडी. भरपूर घातल्या तर त्या पाणी सोडून शिजतात, परतल्या जात नाहीत. दोन मोठे चमचे तेल, बारा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, चार हिरव्या मिरच्या. भाज्या एकच मिनिट. मग तामारी दोन मोठे चमचे, लेबल वाचलेला लाल चिली सॉस एक, केचप एक, साखर अर्धा चमचा. मीठ घालू नका. तामारी खारट आणि दाट असते, मीठ शेवटी चाखून ठरवा. बाजारचा शेजवान सॉस नको असेल तर नंदुरबारच्या पंधरा सुक्या मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा, पाव वाटी चिरलेला लसूण अर्ध्या वाटी तेलात मंद परता, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत शिजवा, मीठ, साखर, व्हिनेगर. गाडीवरच्या शेजवानपेक्षा हा तिखट होतो, ही तक्रार नाही.

ग्रेव्ही हवी तर एक वाटी पाणी उकळवायचं आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर तीन चमचे थंड पाण्यात कालवून ओतायचा. गरम पाण्यात कालवला की बाहेरचा थर शिजून गुठळ्या होतात, आत पीठ कोरडंच. ओतल्यावर मिनिटभर उकळी, बस. पाच-सात मिनिटं उकळत ठेवून ढवळत बसलात तर दाट झालेली ग्रेव्ही पुन्हा पातळ होते, आणि मग माणूस घाबरून आणखी कॉर्नफ्लोर ओततो आणि खळ तयार होते. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर, कारण आंबटपणा स्टार्चला मोडतो. ड्राय हवं असेल तर पाव वाटी पाणी आणि चहाचा एक चमचा कॉर्नफ्लोर पुरे.

सोबत भात, तोही सकाळचा, थंड. इंद्रायणी नको, चिकट होतो. मोकळा होणारा कुठलाही तांदूळ चालेल. तांदळाच्या नूडल्स उकळू नका, कढत पाण्यात आठ-दहा मिनिटं बुडवून निथळा. आणि कळण्याच्या भाकरीबरोबर चिली चिकन खाणाऱ्याला हसू नये, मला ती जोडी भातापेक्षा बरी वाटते.

चिकन ग्रेव्हीत टाकायच्या आधी सगळे ताटावर बसलेले पाहिजेत. "आलो, आलो" म्हणणारा माणूस दहा मिनिटांनी येतो आणि तोवर दोनदा तळलेलं सगळं मऊ पडतं. दुसऱ्या दिवशी तर ग्रेव्ही पाणी सोडते, गरम केली की आणखी पातळ होते. घरात बाकीचे पोळी खाणारे असतील तर गहू बंद असलेल्याचं ताट आधी वाढून घ्या, वेगळ्या चमच्यानं. नाहीतर कुणीतरी पोळीचा तुकडा थेट कढईत बुडवून "मीठ बरोबर आहे ना?" असं विचारतोच.