‘एकच मालक हवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा काट्यावर यावं

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. ‘कास्तकारांच्या कंपन्या का बुडतात?’ असा मथळा आणि खाली पाच कारणं. दहा संचालक म्हणजे दहा मालक, म्हणून कंपनीला एकच मालक हवा. शिकलेला सीईओ आणा, निम्मं दुखणं तिथंच बरं होतं. सभासद हजार-दोन हजार करा, संख्येत ताकद असते. पदांचा तक्ता नीट काढा. आणि गावकी, भाऊबंदकी कंपनीच्या दाराबाहेर ठेवा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं, म्हणजे कास्तकारांनीच शेअर घेऊन उभ्या केलेल्या कंपनीचं, प्रोसिडिंग (बैठकांचा वृत्तांत) लिहितो, हंगामात हिशेबही बघतो. कंपन्या अडचणीत आहेत, हे मेसेजवाल्याने मला सांगायची गरज नाही. कुलूप लागलेल्या दोन गोदामांवरून मी रोज जातो. पण ही पाच कारणं वाचून वाटलं, लिहिणारा माणूस हंगामात माल मोजून घेतात त्या काट्यावर कधी उभा राहिलेला नसावा.

‘एकच मालक हवा’

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्या काट्यावर सोयाबीनचा ट्रॅक्टर आला. मीटरने ओलावा दाखवला 14 टक्के. काट्यावरचा पोरगा गोंधळला आणि त्याने सीईओंना फोन लावला. ते म्हणाले, “अध्यक्षांना विचारतो, थांब.” अध्यक्ष वर्ध्याला लग्नात, फोन उचलेनात. तोवर ट्रॅक्टरवाल्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या संचालकाला फोन केला. संचालक पोराला म्हणाला, “घेऊन टाक ना बे, आपलाच माणूस आहे.” पाच मिनिटांनी दुसऱ्या संचालकाचा फोन आला, “घेशील तर याद राख, मागच्या हप्त्यात माह्या भावाचं परत पाठवलं.” रात्री नऊला काका ट्रॅक्टर घेऊन व्यापाऱ्याकडे गेले. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे एक पोतंही घातलेलं नाही.

हे ऐकून मेसेजवाला म्हणेल, बघा, मालक दहा! मला त्यात वेगळंच दिसतं. त्या दिवशी 14 ओलाव्याचा माल घ्यायचा की नाही, हा निर्णय नेमका कोणाचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. अध्यक्षांनाही नाही. दहाच्या जागी एकच मालक असता आणि तोच लग्नाला गेला असता, तरी ट्रॅक्टर रात्री नऊपर्यंत तसाच उभा राहिला असता.

आम्ही केलं ते एवढंच. संचालक मंडळात ठराव घेतला आणि काट्यामागच्या भिंतीवर कागद चिकटवला. 12 पर्यंत सरळ घ्यायचं. 12 ते 14 लिहिलेल्या कपातीने घ्यायचं. 14 च्या वर परत, वाळवून आणा. हद्द बदलायची असेल तर सोमवारच्या बैठकीत, मध्ये फोनवर नाही. हंगामात काट्यावर पोराचा शब्द शेवटचा, अध्यक्षांचाही त्याच्यावर चालणार नाही. हा ठराव लिहिताना दोन संचालकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

आता ‘एक मालक’ कायद्यात तरी बसतो का? उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. 2020 च्या दुरुस्तीने ती 2013 च्या कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून गेली. संचालक कमीत कमी 5, जास्तीत जास्त 15. आणि व्यक्तिगत सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच. ज्यांना एकच मालक हवा त्यांनी खुशाल कापसाचं खासगी जिनिंग टाकावं, त्यात काही वाईट नाही. जिनवाल्याचं चालतं कारण बुडालं तर त्याचा स्वतःचा पैसा बुडतो. पण कास्तकारांच्या शेअरवर उभ्या कंपनीत एकाच घराचा शब्द चालू लागला की पाटी कंपनीची आणि दुकान त्या घराचं, हा प्रकार आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलेला आहे.

आणि एका मालकाचा प्रयोग विदर्भाने पाहिलाच नाही, असंही नाही. 1971 चा कायदा, 1972 पासून एकाधिकार कापूस खरेदी. कापूस घेणारा एकच, राज्य सरकार. भाव ठरायचा मुंबईत आणि बंड्या उभ्या राहायच्या आपल्याकडे. माझे वडील संकलन केंद्राच्या रांगेत बैलांना कडबा टाकत रात्र काढायचे. नंतर चुकाऱ्यासाठी, म्हणजे मालाच्या पैशासाठी, चकरा वेगळ्या. अगदी अलीकडचं सांगायचं तर सोयाबीनच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची हद्द 12 टक्के होती. 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 वर नेली, पण नोव्हेंबर अर्धा गेल्यावर. तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि हातात पैसा हवा असलेल्या कित्येकांनी माल कधीच व्यापाऱ्याला घातला होता. माल एका ठिकाणी आणि निर्णय शेकडो कोसांवर, असं असलं की मालक एक असो की शंभर, बंडी उभीच राहते.

मेसेजात एक वाक्य असंही आहे की ‘सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हटलं की काहीच ठरत नाही.’ त्यांनी गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाला जाऊन यावं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. तिथं ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. तरी त्या गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात घेतलं. हे कसं जमलं? मला त्यांची एक सोय फार शहाणपणाची वाटते. अभ्यास गट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात वाद घाला, माहिती काढा, बाहेरच्यांना बोलवा, पण तिथं काही ठरवायचं नाही. ठरवायचं ग्रामसभेत. आमच्या संचालक मंडळात दोन्ही एकाच बैठकीत चालतं, म्हणून चहा तीनदा होतो आणि ठराव एकही नाही.

‘शिकलेला सीईओ आणा’

पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणं उत्पादक कंपनीला कायद्यानेच सक्तीचं आहे. तोही सभासदांमधला नको, बाहेरचाच हवा. म्हणजे हे औषध आधीच सुरू आहे. तरी ताप का उतरत नाही, हे विचारायला हवं.

मेसेजात आणंदचा दाखला आहे: कुरियन आले म्हणून अमूल झालं. कुरियन मोठे होतेच. पण तारखा बघा. खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ नोंदवला गेला डिसेंबर 1946 मध्ये. कुरियन आणंदला आले मे 1949 मध्ये, तेही सरकारी क्रीमरीत नोकरीला. म्हणजे शेतकऱ्यांची बांधणी आधी झाली, व्यवस्थापक नंतर आला. आणि आल्यावर त्यांना अध्यक्ष भेटले त्रिभुवनदास पटेल. गावोगावच्या संस्था, शेतकऱ्यांचा विश्वास, राजकारणाचा धक्का हे त्रिभुवनदासांनी अंगावर घेतलं आणि डेअरी कुरियनांना चालवू दिली. आपल्याकडे कुरियन शोधायला सगळे निघतात. त्रिभुवनदास व्हायला कोणी तयार नसतो.

आमच्याकडे तीन वर्षांत तीन सीईओ बदलले. तिसरा जाताना मला म्हणाला, “दादा, मला साहेब किती आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही.” सकाळी एक संचालक बारदाना आणायला पाठवायचा, दुपारी दुसरा नागपूरला. म्हणून आता एकच नियम आहे. सीईओला काम सांगायचं ते मंडळाने बैठकीत किंवा अध्यक्षांनी. बाकी संचालकांनी बैठकीत विचारावं, परस्पर फोन करू नये. पाळला जातो का? निम्मा.

आणि पगाराचं काय? केंद्राची दहा हजार उत्पादक संस्थांची योजना फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झाली. तिच्यात संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत आहे. त्यातून सीईओला महिना 25,000 आणि हिशेबनिसाला 10,000 पर्यंत देता येतात. दोघांचे वर्षाचे झाले 4 लाख 20 हजार. क्विंटलमागे कंपनीला 100 रुपये सुटतात असं धरलं, तर फक्त या दोन पगारांसाठी 4,200 क्विंटल माल काट्यावरून जायला हवा. हमाली, भाडं, वीज, ऑडिट वेगळं. हे गणित पहिल्या दिवशी मांडायचं असतं. आपल्याकडे ते चौथ्या वर्षी, मदत थांबल्यावर मांडलं जातं. त्यात काम हंगामी. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस, मग तूर, मार्चपर्यंत हरभरा. मे-जूनमध्ये बियाणं-खताची गर्दी सोडली तर कार्यालयात पंखा आणि हिशेबनीस, दोघंच फिरतात. म्हणून बारमाही माणसं कमीत कमी ठेवावीत. काट्यावरची, ग्रेडिंगची माणसं हंगामापुरती आणि दरवर्षी तीच घ्यावीत, म्हणजे पुन्हा शिकवावं लागत नाही. शेजारच्या कंपनीशी एकच हिशेबनीस वाटून घ्यायलाही काही हरकत नाही. आम्ही यंदा तेच केलं.

‘सभासद हजार करा’

याच योजनेत सपाट प्रदेशात संस्थेला कमीत कमी 300 सभासद लागतात. शिवाय सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत, एकूण 15 लाखांपर्यंत समभाग अनुदान. त्यामुळे यादी फुगवायचा मोह होतो, आणि होतोच. पण आमसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. हजार सभासद केले तर 250 माणसं मंडपात बसवायला हवीत. मग काय होतं ते मी लिहीत नाही. रजिस्टर घरोघरी फिरताना सगळ्यांनी पाहिलंय.

सभासदाने शेअर घेतला म्हणून तो माल आणतोच असं नाही. कायद्यात ‘सक्रिय सभासद’ ही वेगळी ओळख आहे. किती माल, किती वर्षं, हे कंपनीने आपल्या नियमावलीत ठरवायचं. नियमावलीत तशी तरतूद केली, तर मताचा हक्क सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो. ही कलमं आमच्या तालुक्यात किती जणांनी वाचली असतील, देव जाणे. मी स्वतः दुसऱ्या वर्षी वाचली.

संख्या वाढवायचीच असेल तर मधला मजला बांधा. उमेद अभियानातल्या बचत गटांच्या बायकांकडे बघा. आधी समूह, मग ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. समूहात कोणी हप्ता चुकवला तर दहा जणींना त्याच आठवड्यात कळतं. प्रभागापर्यंत जावं लागत नाही. आमच्या कंपनीत सभासद आणि संचालक यांच्यामध्ये काहीच नव्हतं. त्यामुळे चुकारा दोन दिवस लांबला की चाळीस फोन थेट अध्यक्षांना. आता गावागावात पंधरा-वीस कास्तकारांचा गट आहे आणि त्यातला एक जण बुधवारी कार्यालयात येतो. फोन चाळीसवरून सहा-सातवर आले.

‘पदांचा तक्ता नीट काढा’

काढा. आमच्या कार्यालयात फ्रेम करून लावलेला आहे, रंगीत. त्यात ‘विपणन प्रमुख’ असा एक चौकोन आहे. त्या चौकोनात आजवर कोणी बसलेलं नाही.

‘गावकी बाहेर ठेवा’

ती बाहेर कशी ठेवणार? काट्यावर येणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी मामा, जावई, सोयरा. आणि ती बाहेर ठेवावी असंही मला वाटत नाही. उधारीवर दिलेल्या बियाण्याची वसुली नोटिशीने होत नाही. गटातला चुलतभाऊ पारावर चार लोकांत विचारतो, तेव्हा होते.

खरा धोका नात्यात कमी आणि धंद्यात जास्त आहे. संचालकाचंच कृषी केंद्र असतं आणि कंपनी खत कोणाकडून घ्यायचं ते तोच ठरवतो. किंवा तो स्वतः अडत्या असतो आणि कंपनीचा भाव त्याला आदल्या रात्रीच कळतो. यावर उपाय साधा आहे, फक्त करताना तोंड वाईट होतं. त्या विषयापुरतं त्याने खोलीबाहेर बसायचं आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहायचं. उधारीबाबत तर कायदाच आडवा येतो. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं तर आमसभेची मंजुरी लागते, मंडळाचा ठराव पुरत नाही. पहिल्यांदा मी ‘श्री. अमुक या विषयावेळी बाहेर होते’ असं लिहिलं, तेव्हा ते श्री. अमुक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एक आमचाच संचालक आहे. मागच्या हंगामात त्याचाच ट्रॅक्टर काट्यावर आला, ओलावा साडेचौदा. पोराने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. माल परत नेला, दोन दिवस अंगणात वाळवला आणि पुन्हा आणला. या वेळी मीटर म्हणालं साडेअकरा, काटापट्टी फाटली, चुकारा झाला. तो अजूनही म्हणतो, तुमचं मीटरच खराब आहे.